बोलावलेली माणसे

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भोपाळ हे ओसरत चाललेले शहर होते. १९०१ च्या शिरगणतीत तिथे सुमारे ७७ हजार माणसे भरली. दहा वर्षांनी ५६ हजार आणि १९२१ मध्ये ४५ हजार. वीस वर्षांत चाळीस टक्के वस्ती गेली. त्यानंतरच्या नव्वद वर्षांत हेच शहर चाळीस पट झाले. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत सुमारे १८ लाख माणसे होती.

अशा वाढीकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्या अंगवळणी पडल्या आहेत. एक माल्थसची, १७९८ पासून चालत आलेली: माणसे अन्नापेक्षा भराभर वाढतात, म्हणून गरिबी हटत नाही. दुसरी एस्थर बोसरुप या डॅनिश अर्थतज्ज्ञ बाईंनी १९६५ मध्ये मांडलेली: माणसे वाढली की गरजेपोटी शेती सुधारते, नवी तंत्रे निघतात, म्हणून वाढ हीच प्रगतीची आई. दोघांच्या हिशेबात लोकसंख्या आपापली वाढते आणि समाज तिला कसे तोंड देतो एवढाच प्रश्न उरतो.

भोपाळचा इतिहास या चौकटीत नीट बसत नाही. तिथल्या वाढीचा मोठा वाटा पाळण्यातून आलेला नाही. प्रत्येक मोठ्या उडीमागे कुणाचा तरी निर्णय आहे आणि त्या निर्णयाला तारीख आहे. संस्थानिकाने, सरकारने, कारखान्याने माणसे बोलावली आणि माणसे आली. शहराचे बरेवाईट ठरले ते बोलावणाऱ्याने त्यांच्यासाठी काय राखून ठेवले होते यावर.

माणसांचा दुष्काळ

औरंगजेबाच्या मृत्यूनंतरच्या धामधुमीत दोस्त मोहम्मद खान या अफगाण सरदाराने गोंड राणी कमलापतीच्या मुलखात पाय रोवले आणि तलावाकाठी फतेहगडचा किल्ला बांधला. तलाव त्याच्याही कितीतरी आधीचा, परमार राजा भोजाच्या नावाने ओळखला जाणारा. मराठी वाचकाला भोपाळ आठवते ते १७३७ च्या डिसेंबरातल्या लढाईसाठी. पहिल्या बाजीरावाने निजामाला इथेच कोंडीत पकडले आणि पुढच्या महिन्यात दोराह्याचा तह करून घेतला. पाऊणशे वर्षांनी, १८१२-१३ मध्ये, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी याच शहराला वेढा घातला. वजीर मोहम्मद खानाने शहर राखले, पण वेढा उठला तेव्हा आतली वस्ती पार रोडावली होती.

त्या काळात माळव्याचे दुखणे एकच होते, माणसे नाहीत. पेंढाऱ्यांच्या धाडी आणि फौजांची ये-जा यांनी गावेच्या गावे उठली होती. जॉन माल्कमने होळकरांच्या मुलखाचा हिशेब लिहून ठेवला आहे. त्यांच्या ३,७०१ गावांपैकी १,६६३ गावे १८१७ च्या सुमारास बेचिराग, म्हणजे जिथे दिवा लावायला माणूस नाही अशी, होती. जमीन पडून होती आणि नांगर धरायला हात नव्हते. त्यामुळे राज्यकर्ते रयतेला बोलावीत. इस्ताव्याने जमीन देत, म्हणजे पहिली वर्षे सारा नाममात्र आणि पुढे तो वर्षागणिक चढत पूर्ण दरावर जायचा. बी-बैलासाठी तगाई मिळायची. जो राजा अशा सवलती देई त्याच्याकडे कुणबी जात, जो पिळून काढी त्याला सोडून जात. माणूस दुर्मिळ होता, म्हणून त्याच्याशी करार करावा लागे.

भोपाळ संस्थानाने १८१८ मध्ये इंग्रजांशी तह केला आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे तिथे चार बेगमांनी कारभार पाहिला: कुदसिया, सिकंदर, शाहजहान आणि सुलतान जहान. या दीर्घ शांततेत मुलूख भरला, पण शतक संपता संपता पुन्हा रिता झाला. १८९९-१९०० चा दुष्काळ, विक्रम संवत १९५६ मध्ये पडलेला म्हणून छप्पन्याचा, मध्य भारतावर कोसळला. १८९१ मध्ये संस्थानाची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या घरात होती. १९०१ मध्ये ती ६,६५,९६१ भरली. दहा वर्षांत तीस टक्के रयत गेली. कुणी भुकेने मेले, कुणी पाठोपाठ आलेल्या रोगराईने, कुणी मुलूख सोडून गेले. सुलतान जहान बेगम १९०१ मध्ये गादीवर आली तेव्हा तिच्या वाट्याला ही ओसाडी आली होती. त्यावर प्लेग आला आणि १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झा. साऱ्या हिंदुस्थानची लोकसंख्या १९११ ते १९२१ या एकाच दशकात घटली. त्याआधीची वाढ अडखळत चालली होती आणि नंतरची दशके सलग वाढीची आहेत, म्हणून लोकसंख्याशास्त्रात १९२१ हे साल पाणलोटासारखे मानतात.

त्या काळातली बेगमांची कामे या पार्श्वभूमीवर पाहावीत. शाहजहान बेगमने स्त्रियांसाठी लेडी लॅन्सडाउन रुग्णालय काढले. सुलतान जहानने सुइणींना शिकवून तयार करण्याची सोय केली, मुलींच्या शाळा काढल्या आणि १९२० मध्ये ती अलिगढ विद्यापीठाची पहिली कुलपती झाली. ज्या राज्यात रयत कमी पडते, तिथे बाळंतीण आणि तान्हे मूल जगवणे हा राज्यकारभाराचा भाग होतो. योगायोग असा, की १९२१ मध्येच मुंबईत र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले. कर्व्यांना देशाच्या खानेसुमारीपेक्षा बाईची प्रकृती आणि तिची मर्जी महत्त्वाची वाटत होती. पुढची पन्नास वर्षे सरकारी धोरणात बाईच्या प्रकृतीला आणि मर्जीला फारशी जागा मिळाली नाही.

बैरागडच्या बराकी

स्वातंत्र्याच्या वेळी भोपाळ लाखाच्या आतले, तलाव आणि मशिदींचे संस्थानी गाव होते. १९४१ च्या मोजणीत ७५ हजार. नवाब हमीदुल्ला खान विलीनीकरणाला लगेच तयार नव्हते. प्रजामंडळाचे आंदोलन झाले, शंकर दयाळ शर्मांसारखे तरुण तुरुंगात गेले, आणि १ जून १९४९ रोजी भोपाळ भारत सरकारच्या थेट कारभाराखाली आले.

याच सुमारास बाहेरच्या माणसांचा पहिला मोठा लोंढा आला. शहरापासून काही किलोमीटरवर बैरागड इथे दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांसाठी बराकी बांधल्या होत्या. कैदी परत गेले, बराकी रिकाम्या झाल्या आणि फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली कुटुंबे त्यांत आणून ठेवली गेली. निर्वासितांची छावणी म्हणून सुरू झालेले बैरागड पुढे मध्य भारतातल्या कापड व्यापाराची मोठी पेठ झाले. आता त्याचे नाव संत हिरदाराम नगर आहे.

या प्रकरणातून एक धडा घेता आला असता. सिंधी कुटुंबे हात हलवत आली होती, पण छप्पर आयते मिळाले, नावे सरकारी यादीत चढली आणि राहण्याच्या जागेवर हक्क सांगता आला. त्यांच्या कष्टांना जोड मिळाली ती या तीन गोष्टींची. पुढे भोपाळला आलेल्या बहुतेकांना यातले काहीच मिळाले नाही.

चार सचिवालये, एक गाव

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्यातले विदर्भाचे आठ मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. उरलेला महाकोशल आणि छत्तीसगड, ग्वाल्हेर-इंदूरचा मध्य भारत, रीव्याचा विंध्य प्रदेश आणि भोपाळ असे चार तुकडे जोडून नवे राज्य झाले. राजधानीसाठी जबलपूर, ग्वाल्हेर, इंदूर, रायपूर यांची नावे होती आणि त्यात जबलपूरचे पारडे जड मानले जात होते. निवड मात्र भोपाळची झाली. ठिकाण मध्यावर होते, रेल्वेचा मोठा मार्ग होता, नवाबी इमारती मोकळ्या होत्या आणि टेकड्यांवर जमीन भरपूर होती. विशेष म्हणजे भोपाळ तेव्हा जिल्ह्याचे ठिकाणही नव्हते, ते सिहोर जिल्ह्यात होते. राज्याची राजधानी जिल्हा झाली ती १९७२ मध्ये.

रुसलेल्या शहरांची समजूत काढण्यासाठी कार्यालये वाटून दिली गेली. उच्च न्यायालय जबलपूरला, महसूल मंडळ ग्वाल्हेरला, लोकसेवा आयोग इंदूरला. विधानसभा बसली मिंटो हॉलमध्ये, बेगमांच्या काळात पाहुण्यांसाठी बांधायला घेतलेल्या वास्तूत, आणि चाळीस वर्षे तिथेच राहिली. पहिले मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल नागपूरहून आले आणि दोन महिन्यांत, ३१ डिसेंबरला, वारले.

त्यांच्यामागे नागपूरचे कारकून आले, हिशेबनीस आले, शिपाई आले. नागपूरच्या मराठी घरांना हा पेच मोठा होता. मुंबई राज्यात राहायचे, की ज्या राज्याच्या नोकरीत उमेद गेली त्याच्यासोबत भोपाळला जायचे? काही तिकडे गेले, काही इकडे. ग्वाल्हेर आणि इंदूर इथून मध्य भारताची नोकरी करणारे आले. शिंदे-होळकरांच्या दरबारी पिढ्यान्‌पिढ्या लेखणी चालवलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती. चार सचिवालयांची माणसे एका संस्थानी गावात उतरली, ज्याची वस्ती पाच वर्षांपूर्वी जेमतेम एक लाखावर पोचली होती.

त्यांच्यासाठी नवे शहर बांधले गेले आणि त्याला येवल्यात जन्मलेल्या तात्या टोप्यांचे नाव मिळाले. तात्या टोपे नगर, बोलण्यात टी. टी. नगर. शेजारी न्यू मार्केट. भोपाळच्या कित्येक वस्त्यांची नावे आजही आकड्यांत आहेत: ११०० क्वार्टर्स, १२५० क्वार्टर्स, ४५ बंगले, ७४ बंगले. पुढे बसथांबेही पाच नंबर, सहा नंबर, दहा नंबर झाले. सरकारने आपली माणसे मोजली, हुद्द्याप्रमाणे वर्गवारी केली, तेवढी घरे उभी केली आणि बांधलेल्या घरांची संख्या हेच मोहल्ल्याचे नाव झाले. १२५० घरांच्या वस्तीजवळ रुग्णालय आले, त्यालाही लोक बाराशे पन्नासच म्हणतात. जे या मोजणीत होते त्यांना अंगण, नळ, शाळा आणि दवाखाना मिळाला.

मोजणीत नव्हते ते ही घरे बांधणारे. बुंदेलखंड, छत्तीसगड आणि विदर्भातून मजूर आले. विटा वाहिल्या, रस्ते केले, बांधकामाच्या कडेला पाले ठोकली आणि एक काम संपले की दुसरे सुरू झाल्यामुळे तिथेच राहिले. अरेरा टेकडीवर वल्लभ भवन हे सचिवालय उभे राहिले आणि टेकडीच्या अंगाला भीम नगर, वल्लभ नगर अशा झोपडवस्त्या उभ्या राहिल्या. राज्याचे धोरण लिहिणाऱ्यांना खिडकीतून दिसतील इतक्या जवळ त्या होत्या. १९५१ ते १९६१ या दशकात शहर १ लाख २ हजारांवरून २ लाख २३ हजारांवर गेले, दुपटीहून अधिक. एवढी वाढ जन्मांनी होत नसते.

भेल आणि भाकरी

दुसरे बोलावणे दिल्लीहून आले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत जड विद्युत यंत्रे देशातच करायची ठरली आणि हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजच्या मदतीने भोपाळच्या पूर्वेला उभी राहिली. ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी कारखान्याचे उद्घाटन केले. पुढे ही कंपनी भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये, म्हणजे भेलमध्ये, मिळाली. पिपलानी, गोविंदपुरा, बरखेडा या उजाड माळांवर रेखीव वसाहती झाल्या. मल्याळी, बंगाली, पंजाबी, मराठी, तेलुगू अशी साऱ्या देशातली कुटुंबे तिथे एका रांगेत राहायला आली. गणपती, ओणम आणि दुर्गापूजा एकाच मैदानाच्या आसपास होऊ लागल्या. तलावाकाठचे उर्दू बोलणारे जुने शहर आणि हे नवे औद्योगिक गाव यांच्यात अंतर थोडे होते, पण रीत पार वेगळी होती.

भेलची वसाहत हा या कथेतला सर्वांत नेटका प्रयोग. कारखान्याने माणसे बोलावली आणि यंत्रांबरोबरच त्यांची घरे, शाळा, दवाखाना यांचाही खर्च धरला. त्या घरांतली पुढची पिढी इंजिनिअर, शिक्षक, डॉक्टर झाली. तिथे जन्मदरही लवकर उतरला असेल तर नवल नाही. पगार नेमाने येतो, मूल दगावत नाही आणि मुलगी शाळेत जाते, तिथे घर आपोआप लहान होते. पण भेलच्या कुंपणाबाहेर तिच्यावर जगणारी, मोजणीत नसलेली वस्ती पुन्हा उभी राहिलीच. १९६१ ते १९७१ मध्ये शहर ३ लाख ८५ हजारांवर गेले आणि १९८१ मध्ये ६ लाख ७१ हजारांवर.

या वर्षांत दिल्लीला आणि पाश्चात्त्य जगाला एका भीतीने घेरले होते. १९५८ मध्ये कोल आणि हूवर या अभ्यासकांनी भारताचेच उदाहरण घेऊन गणित मांडले होते, की जन्मदर उतरला नाही तर भांडवल साठणार नाही आणि दरडोई उत्पन्न मागे पडेल. १९६५ आणि १९६६ या लागोपाठच्या वर्षांत पाऊस दगा देऊन गेला आणि अमेरिकी गव्हाच्या जहाजांकडे डोळे लागले. १९६८ मध्ये पॉल एर्लिकने लोकसंख्येच्या स्फोटाचे भाकीत करणारे पुस्तक लिहिले, तेही दिल्लीच्या रस्त्यावरची गर्दी पाहून. उपाय म्हणून दोन गोष्टी पुढे आल्या: तोंडे कमी करा आणि धान्य वाढवा.

धान्य वाढवायचे तर संकरित बियाणे, खत आणि कीटकनाशक हवे. १९६९ मध्ये युनियन कार्बाइडने भोपाळच्या उत्तरेला, बैरसिया रस्त्यावर, कीटकनाशकाचा कारखाना सुरू केला. भोपाळ रेल्वे स्थानक तिथून जेमतेम एक-दोन किलोमीटर. आधी तिथे बाहेरून आणलेल्या रसायनांपासून सेविन हे कीटकनाशक तयार होई. १९८० च्या सुमारास त्यातला सर्वांत घातक घटक, मिथाइल आयसोसायनेट, तिथेच बनू लागला. वाढत्या लोकसंख्येचे पोट भरण्याच्या नावाने हा कारखाना आला होता, ही गोष्ट १९८४ च्या वायुगळतीनंतरच्या चर्चेत विसरली गेली.

तोंडे कमी करण्याचा कार्यक्रम आणीबाणीत टोकाला गेला. १९७४ मध्ये बुखारेस्टच्या जागतिक परिषदेत भारताचे मंत्री करण सिंह यांनी विकास हेच उत्तम संततिनियमन असल्याचा पुरस्कार केला होता. १९७६ च्या धोरणात त्यांच्याच खात्याने सांगितले, की विकासाची वाट पाहायला वेळ नाही. त्या वर्षी देशात ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. मध्य प्रदेश हे ठरवलेल्या लक्ष्याच्या कितीतरी पुढे धावलेल्या राज्यांपैकी एक होते. इस्ताव्याच्या काळात ज्या रयतेला सवलत देऊन आणले जाई, तिच्याशी आता नसबंदीच्या प्रमाणपत्राच्या भाषेत बोलणे सुरू झाले. १९७७ च्या निवडणुकीत उत्तर भारताने त्याचे उत्तर दिले.

कारखान्यासमोरची वस्ती

कार्बाइडच्या भिंतीपलीकडे जयप्रकाश नगर, काझी कँप, चांदबड, छोला अशा वस्त्या होत्या. हमाल, हातगाडीवाले, विडी वळणाऱ्या बायका, गवंडी, रेल्वेचे रोजंदार. पुढे एक युक्तिवाद वारंवार ऐकू आला, की ही माणसे कारखान्याजवळ येऊन राहिली हीच चूक. पण स्थानक, रेल्वेची वसाहत आणि जुने शहर कारखान्याच्या आधीपासून तिथे होते. नंतर जे आले त्यांना शहरात दुसरी जागा राखलेली नव्हती. १९७५ च्या विकास आराखड्यात धोकादायक उद्योगांसाठी शहराबाहेर वेगळी जागा सुचवली होती. महेश नीळकंठ बुच हे सनदी अधिकारी त्या काळात शहराच्या नियोजनाच्या मध्यभागी होते. सूचना कागदावर राहिली.

१९८१ च्या डिसेंबरात विषारी वायूने कारखान्यातल्या एका कामगाराचा बळी गेला. १९८२ मध्ये पत्रकार राजकुमार केसवानी यांनी आपल्या छोट्या साप्ताहिकात लेखामागून लेख लिहून शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसले असल्याचा इशारा दिला. त्या डिसेंबरात विधानसभेत प्रश्न निघाला तेव्हा कामगारमंत्र्यांनी उत्तर दिले, की २५ कोटी रुपये गुंतलेला कारखाना हा काही उचलून दुसरीकडे ठेवायचा लहानसा दगड नव्हे, आणि शहराला धोका नाही.

१९८४ च्या एप्रिलात अर्जुन सिंह सरकारने वेगळे पाऊल उचलले. शहरातल्या सरकारी जमिनीवर राहणाऱ्या भूमिहीनांना ५० चौरस मीटरपर्यंतचे पट्टे देण्याचा कायदा झाला. उशिरा का होईना, झोपडीत राहणारा माणूस सरकारच्या वहीत आला. त्याला पहिल्यांदा पत्ता मिळाला. मात्र तो जिथे होता तिथलाच मिळाला. कारखान्याच्या सावलीत राहणाऱ्यांचाही त्यात समावेश झाला. जागेचा धोका आणि जागेचा हक्क यांचा विचार दोन वेगळ्या टेबलांवर होत राहिला.

तोवर देशातला सेविनचा खप घटला होता. कंपनी तोट्यात होती आणि माणसे व देखभाल दोन्हींत काटछाट चालू होती. विषारी द्रव थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद होती, गळालेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीला होता. २ डिसेंबरच्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट वायू होऊन झोपलेल्या वस्त्यांवर उतरला.

त्या रात्रीचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. इथे पाहायची ती मोजदाद. शहराच्या ५६ प्रभागांपैकी ३६ प्रभाग वायुग्रस्त ठरले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आठ लाखांवर वस्तीच्या या शहरात ५,२१,२६२ जणांना वायूची बाधा झाल्याचे धरले. तत्काळ मृत्यूंचा सरकारी आकडा २,२५९ होता, पुढे सरकारच्याच हिशेबात तो पाच हजारांवर गेला, आणि पीडितांच्या संघटना त्याच्या कितीतरी पट आकडा सांगतात. त्या वेळी गरोदर असलेल्या ८६५ स्त्रियांच्या पाहणीत सुमारे ४३ टक्के गर्भ टिकले नसल्याचे दिसले.

नुकसानभरपाईसाठी दहा लाखांहून अधिक दावे नोंदले गेले, म्हणजे त्या वेळच्या शहराच्या वस्तीपेक्षा जास्त. त्यांतले सुमारे ५ लाख ७४ हजार मान्य झाले. एवढी तफावत पडायला बनवेगिरीचे थोडेबहुत कारण असेल, पण मूळ अडचण दुसरी होती. त्या रात्री कोण कुठे राहत होते याची खात्रीची नोंद कुणाकडेच नव्हती. ज्याच्याकडे रेशनकार्ड किंवा पट्टा, त्याला आपण तिथे होतो हे दाखवता येई. ज्याच्याकडे नाही, त्याला आपले असणेच सिद्ध करावे लागे. तीस वर्षे शहराने ज्यांना मोजले नव्हते, त्यांची संकटानंतर मोजणी करायची वेळ आली आणि ती कधीच पुरी झाली नाही.

आकडा आणि आराखडा

१९८४ ने शहर रिकामे केले असेल असे वाटते. तसे झाले नाही. १९८१ ते १९९१ या दशकात भोपाळ ६ लाख ७१ हजारांवरून १० लाख ६३ हजारांवर गेले, ५८ टक्के वाढ. राजधानी, भेल, बांधकामे, बाजार यांची हाक बंद झाली नव्हती आणि बुंदेलखंडातल्या कोरडवाहू शेतीने माणसांना धरून ठेवले नव्हते. लोक विषाला विसरून आले नाहीत. त्यांच्यापुढे दुसरे शहर नव्हते.

याच दशकात लोकसंख्याशास्त्रज्ञ आशिष बोस यांनी बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश यांना मिळून बिमारू म्हटले आणि हा शिक्का मध्य प्रदेशावर बसला. २००१ पासून दोनांहून अधिक मुले असणाऱ्यांना पंचायतीच्या पदांवर बंदी घालणारा नियम राज्यात आला. महेश बुच यांच्या पत्नी, मध्य प्रदेशाच्या पहिल्या महिला मुख्य सचिव निर्मला बुच, तेव्हा भोपाळमधूनच महिलांच्या प्रश्नांवर काम करीत होत्या. त्यांनी मध्य प्रदेशासह पाच राज्यांत या नियमाचा अभ्यास केला. पद वाचवण्यासाठी बायका टाकल्या गेल्या, मुले दुसऱ्याची म्हणून दाखवली गेली, गर्भपात झाले, असे त्यांना आढळले. २००५ मध्ये मध्य प्रदेशाने तो नियम मागे घेतला.

आणि जन्मदर उतरलाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये मध्य प्रदेशात एका बाईमागे सरासरी ३.९ मुले होती, २०१९-२१ मध्ये २.०. अपात्रतेचा नियम मागे घेतल्यानंतरही ही उतरण थांबली नाही. मुली शाळेत टिकल्या, लग्नाचे वय वाढले, लसी पोचल्या, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. बेगमांनी सुइणी शिकवताना आणि कर्व्यांनी केंद्र उघडताना जो धागा धरला होता, त्यानेच शेवटी काम केले.

म्हणजे पाळण्याचा प्रश्न मोठ्या अंशी सुटला आहे. शहराचा सुटलेला नाही. भोपाळचा २००५ पर्यंतचा विकास आराखडा मुदत संपल्यावरही वर्षानुवर्षे लागू राहिला. २०३१ साठीचा मसुदा २०२० मध्ये निघाला, त्यावर हरकती आल्या, फेरमसुदा झाला. दरम्यान पाण्यासाठी बडा तलाव पुरेना म्हणून आधी कोलारचे आणि मग नर्मदेचे पाणी आणावे लागले. कार्बाइडच्या आवारातला विषारी कचरा चाळीस वर्षे तिथेच पडून होता. त्यातला ३३७ टन जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला हलवला गेला.

आता पुढची जनगणना होणार आहे आणि भोपाळचा नवा आकडा येईल. तो मोठाच असेल. तो पाहून शहर फार फुगले म्हणणारे असतील आणि वाढ म्हणजे प्रगती म्हणणारेही. भोपाळच्या दोनशे वर्षांनी दोघांनाही खोडून काढले आहे. माणसे कमी होती तेव्हा राज्य गरीब होते. माणसे वाढली तेव्हा भेलच्या वसाहतीत ती सुधारली आणि कार्बाइडच्या भिंतीलगत मेली. दोन्हीकडे तेच शहर, तीच दशके, गावाकडून आलेली सारखीच कुटुंबे. फरक पडला तो माणूस येण्याआधी त्याच्या घराचा, पाण्याचा आणि सुरक्षिततेचा खर्च कुणी धरला होता की नाही, याने. नव्या आकड्याशेजारी राज्याने हा खर्चही लिहावा. नुसत्या शिरगणतीतून शहराच्या विकासाबद्दल काहीच कळत नाही.